उपसंहार

कीर्तनकाराने आख्यान ऐन भरात आणावे, श्रोत्यांचा श्वास रोखून धरावा, आणि शेवट न सांगताच चिपळ्या खाली ठेवाव्यात, हे त्याला शोभेल काय? आपल्या परंपरेत असे घडत नाही. पूर्वरंगात सिद्धान्त, उत्तररंगात आख्यान, आख्यानाच्या अखेरीस दुष्टाचा निःपात व सज्जनाची सुटका, मग आरती आणि प्रसाद, हा क्रम ठरलेला आहे. पोथीलादेखील फलश्रुती असते. ती न वाचता पोथी बांधून ठेवली तर ऐकणारा हुरहुर घेऊन घरी जातो.

अशीच हुरहुर २०१९ साली आपल्यापैकी अनेक घरांतील तरुण मंडळींच्या वाट्याला आली. नेटफ्लिक्सवर ‘सेक्रेड गेम्स’ नावाची हिंदी मालिका दोन पर्वांत दाखविण्यात आली. पहिले पर्व २०१८ च्या जुलैत आले, दुसरे २०१९ च्या १५ ऑगस्टला. प्रत्येकी आठ भाग. विक्रम चंद्र यांच्या २००६ साली प्रसिद्ध झालेल्या इंग्रजी कादंबरीवर ती आधारलेली आहे. विषय मुंबईतील गुन्हेगारीचा आणि एका भयंकर कटाचा. कुटुंबाने एकत्र बसून ती पाहावी अशी शिफारस आम्ही करणार नाही. तीत शिव्या आहेत, रक्तपात आहे, आणि लहानांच्या दृष्टीस पडू नये असे पुष्कळ आहे. मग मंदिराच्या पत्रिकेत तिचा विचार कशासाठी, असे कोणी विचारील. कारणे दोन. आमच्या वयाच्या मुलांनी ती पाहिलेली आहे, आणि वडीलधाऱ्यांनी तिकडे काणाडोळा केल्याने त्यांच्या मनावर उमटलेले पुसले जाणार नाही, हे पहिले. दुसरे असे की, त्या मालिकेतील भागांची नावे अश्वत्थामा, हलाहल, आतापी-वातापी, ब्रह्महत्या, सरमा, प्रेतकल्प, रुद्र, ययाती अशी आहेत. ज्या ग्रंथांना आपण हात जोडतो त्यांतूनच ती उचललेली आहेत. आपल्याच घरातील भांडी नेऊन कोणी काही शिजवीत असेल, तर काय शिजते आहे हे पाहणे आपले काम आहे.

ज्यांनी मालिका पाहिली नाही त्यांच्याकरिता कथाभाग थोडक्यात सांगतो. सरताज सिंग नावाच्या एका साध्या, अपयशी म्हणाव्या अशा पोलीस अंमलदाराला गणेश गायतोंडे या कुख्यात गुंडाचा दूरध्वनी येतो. पंचवीस दिवसांत तुझे शहर नष्ट होणार आहे, वाचवता आले तर वाचव, असे तो सांगतो आणि लवकरच स्वतःचा जीव घेतो. सरताज शोध घेऊ लागतो. धागे उलगडत जातात तसे कटाच्या मुळाशी कोणी दरोडेखोर सापडत नाही. सापडतात ते एक गुरुजी. शांत, मृदुभाषी, आश्रमात राहणारे. सरताजचा दिवंगत पितादेखील कधीकाळी त्यांच्या आश्रमात जात होता. या गुरुजींचा सिद्धान्त असा की, कलियुग आता सुधारण्यापलीकडे गेले आहे. म्हणून ते संपविलेच पाहिजे. मुंबईत अण्वस्त्र फुटावे, त्यातून दोन देशांत युद्ध पेटावे, जुने जग जळून जावे, आणि उरलेल्या निवडक लोकांनी सत्ययुगाचा आरंभ करावा. गायतोंडे, ज्याला पूर्वी आपणच देव आहोत असे वाटत असे, तो याच गुरुजींच्या चरणी लोळण घेतो. पुढे सारे कळल्यावर त्यांना ठार करतो. परंतु गुरू मेला तरी कट मरत नाही.

शेवटच्या भागात बॉम्ब सापडतो. घड्याळाचे आकडे उतरू लागतात. इतर माणसे निघून जातात, सरताज मागे राहतो. बॉम्ब निकामी करण्याची खूण आपल्या तर्काने जुळवू पाहतो, पुन्हा पाहतो, शेवटचा प्रयत्न करतो, आणि पडदा काळा होतो. शहर वाचले की नाही हे सांगितलेलेच नाही. तिसरे पर्व आले नाही. मूळ कादंबरीत शहर वाचते. मालिकेने मात्र प्रेक्षकाला त्या क्षणावरच उभे करून ठेवले आहे.

यावर आमच्या सोबत्यांनी केलेल्या चर्चेत दोन तक्रारी वारंवार निघाल्या. पहिली, शेवट न दाखवून आपली फसवणूक झाली. दुसरी तक्रार हळू आवाजात केली जाई, आणि तीच आम्हाला अधिक विचार करायला लावणारी वाटली. ती अशी की, गुरुजींचा मार्ग चुकीचा होता खरा, पण त्यांचे म्हणणे काही खोटे नव्हते. आजूबाजूला पाहा, लाच पाहा, खोटेपणा पाहा, शिकून घरी बसलेली मुले पाहा. हे सगळे एकदाचे संपल्याशिवाय काही चांगले व्हायचे नाही.

आम्ही पदवीधर नाही, आणि शास्त्रार्थ करण्याचा आमचा अधिकारही नाही. तथापि पूजेची वृत्ती असलेल्या घरात वाढल्यामुळे एक गोष्ट आम्हाला टोचली. या गुरुजींची सारी विधाने आपल्याच पोथ्यांतली आहेत. कलियुगात धर्म क्षीण होतो, हे पुराणे सांगतात. कलीनंतर पुन्हा कृतयुग येते, हेही पुराणेच सांगतात. मग या दोन खऱ्या विधानांतून असा राक्षसी निष्कर्ष निघतो कसा? चूक नेमकी कोठे आहे? हे दाखविता आले नाही तर दुष्ट गुरूला नावे ठेवण्यात अर्थ नाही.

ही केवळ लेखकाची कल्पना आहे असे म्हणून सुटताही येत नाही. जपानमध्ये शोको असाहारा नावाच्या गुरूने ‘ओम शिनरिक्यो’ हा पंथ काढला. नावात आपला ओंकार, उपासनेत शिवाचे नाव, आणि शिकवण जगाच्या अंताची. त्याच्या शिष्यांत विज्ञानाचे उच्च शिक्षण घेतलेले तरुण होते. त्यांनी २० मार्च १९९५ रोजी टोकियोच्या भुयारी रेल्वेत सारीन हा विषारी वायू सोडला. बाराहून अधिक माणसे मेली, हजारो जायबंदी झाली. मारल्याने मरणाऱ्याचे कल्याण होते, असेही त्या पंथात शिकविले जात असे. मालिकेचे पहिले पर्व आले त्याच २०१८ च्या जुलैत असाहाराला तेथे फाशी झाली. तात्पर्य, जग बिघडले म्हणून ते मोडण्याची घाई सुशिक्षित, ध्यानधारणा करणाऱ्या माणसांनाही होऊ शकते.

आता चुकीचा शोध घेऊ. मालिकेचा पहिलाच भाग अश्वत्थाम्याच्या नावाचा आहे, म्हणून तेथूनच आरंभ करावा. भारतीय युद्धाच्या अखेरच्या रात्री द्रोणपुत्राने झोपेत असलेल्या पांडवसैन्याचा, द्रौपदीच्या पाचही मुलांचा, वध केला. पाठलाग होताच त्याने गवताची काडी मंत्रून तीवर ब्रह्मशिर अस्त्र योजिले. अर्जुनानेही तेच अस्त्र सोडले. दोन तेजे एकमेकांवर आदळून सृष्टीचा नाश होणार, तो नारद आणि व्यास मध्ये येऊन उभे राहिले. त्यांच्या शब्दाखातर अर्जुनाने आपले अस्त्र परत घेतले. अश्वत्थाम्याला ते परत घेता आले नाही. सोडण्याची विद्या त्याच्यापाशी होती. आवरण्याला जो संयम लागतो तो नव्हता. त्याने ते पांडवस्त्रियांच्या गर्भांवर वळविले.

सोडलेले अस्त्र असे परत घेणे यास संस्कृतात ‘उपसंहार’ म्हणतात. आपण मराठीत ग्रंथाच्या समाप्तीला तोच शब्द वापरतो. एकाच शब्दाचे हे दोन अर्थ आम्हाला या प्रश्नाची किल्ली वाटतात. गुरुजींना एका अर्थाचा उपसंहार हवा होता: ग्रंथ मिटावा, युग संपावे. सरताज धडपडतो तो दुसऱ्या अर्थाच्या उपसंहारासाठी: सुटलेले अस्त्र आवरावे. पहिला सोपा आहे. त्याला केवळ बळ लागते. दुसऱ्याला बळ असून ते मागे घेण्याची तयारी लागते.

येथे कोणी विचारील की, श्रीकृष्णाने तरी काय केले? कुरुक्षेत्रावर अठरा अक्षौहिणींचा संहार त्याच्या साक्षीनेच झाला ना? हा आक्षेप टाळता येण्याजोगा नाही. परंतु क्रम लक्षात घ्यावा. युद्धापूर्वी भगवान स्वतः दूत होऊन हस्तिनापुरास गेले. कृष्णशिष्टाई हा शब्द आपल्या भाषेत तेथूनच आला. पांडवांना पाच गावे मिळाली तरी पुरे, इथपर्यंत गोष्ट खाली आणली. ती नाकारली गेल्यावर युद्ध झाले ते दिवसाउजेडी, शंख फुंकून, शस्त्र धरलेल्या माणसांत. त्यातही अधर्म घडला, आणि महाभारताने तो लपविलेला नाही. परंतु झोपलेल्यांना मारणाऱ्या रात्रीला त्या ग्रंथाने धर्माचे नाव दिले नाही; मारणाऱ्याच्या मस्तकावरील मणी काढून घेऊन त्याला शापित, एकाकी भटकत ठेवले. ज्या शहराला आपल्या विनाशाची वार्ताही नाही, जेथे पाळण्यात मुले निजली आहेत, त्याला जाळणे हे कुरुक्षेत्र नव्हे. ते सौप्तिक पर्व आहे.

अश्वत्थाम्याच्या अस्त्राने दग्ध झालेल्या, श्रीकृष्णाने जीवदान दिलेल्या उत्तरेच्या बालकाचे नाव परीक्षित. हाच परीक्षित पुढे राजा झाल्यावर कलीच्या समोर उभा राहिला, ही कथा भागवताच्या प्रथम स्कंधात आहे. राजवेष घेतलेला कली गाईला आणि एका पायावर उभ्या असलेल्या वृषभाला मारीत होता. राजाने तलवार उपसली. कली पाया पडला. त्या क्षणी परीक्षिताने एक घाव घातला असता तर कलियुग तेथेच संपले असते! त्याने घातला नाही. शरण आलेल्याला मारू नये म्हणून सोडले, आणि द्यूत, मद्यपान, व्यभिचार, हिंसा अशी राहण्याची स्थाने नेमून दिली. कलीने आणखी मागितले तेव्हा सुवर्ण दिले. भागवतकार याचे दुसरेही एक कारण देतात. भुंगा फुलातील सार तेवढे घेतो तसे राजाने कलियुगाचे सार जाणले होते. या युगात सत्कर्म मनात आणताच फळू लागते, दुष्कर्म मात्र प्रत्यक्ष केल्यावरच बाधते. माणसाला एवढी सवलत देणारे युग बुडवावे कशाला?

ज्याने कलीला ठार मारण्याचे नाकारले तो स्वतः अंत घडवू पाहणाऱ्या अस्त्रातून वाचलेला होता, ही संगती आम्हाला अर्थपूर्ण वाटते. कलीला मर्यादा घालणे, त्याला अमुक ठिकाणीच राहा म्हणून बजावणे, आणि पुन्हा राज्याच्या कामाला लागणे, एवढे राजाने केले.

गुरुजींच्या तर्कातील चूक आता दिसू लागते. युग बदलणे हे काळाचे काम आहे. ते त्यांनी स्वतःकडे घेतले. कोणी मरावे आणि कोणी तळघरात सुरक्षित राहावे याची यादी तयार केली. समजा त्यांचा बेत तडीस गेला असता. सत्ययुगाच्या पहिल्या सकाळी तळघरांतून बाहेर आले असते ते कोण? कोट्यवधी निरपराधांचा वध करणारे, किंवा तो होणार हे ठाऊक असून गप्प बसलेले. अशांनी वसविलेले युग सत्ययुग कसे ठरेल? कली त्यांच्याबरोबरच तळघरात उतरला असता आणि त्यांच्याबरोबरच वर आला असता.

दुसरी चूक हिशेबाची आहे. कलियुगाचे मान ४,३२,००० वर्षांचे सांगितले आहे आणि त्याचा आरंभ परंपरेने इसवी सनापूर्वी ३१०२ मध्ये मानतात. म्हणजे आजवर पाच हजारांहून काहीशी अधिक वर्षे गेली. शंभरातला जेमतेम एक भाग. कोणत्याही पूजेच्या आरंभी संकल्प सोडताना आपण कलियुगाच्या पहिल्या चरणाचा उच्चार करतो. तो उच्चार यांत्रिक होऊन बसला आहे, पण त्याची रचना पाहावी. आधी कल्प, मग मन्वंतर, मग युग, मग चरण, मग देश, नदीचे तीर, संवत्सर, मास, पक्ष, तिथी, वार, आणि शेवटी आपले नाव व गोत्र. एवढ्या अफाट काळाचा उल्लेख करून यजमान काय करणार म्हणतो? आज ही पूजा करीन, एवढेच. युग बदलीन असे कोणत्याही संकल्पात नाही. जो माणूस रोज सकाळी म्हणतो की, आपण एका मोठ्या, वाईट म्हटल्या गेलेल्या युगाच्या आरंभी उभे आहोत, आणि तरीही पळीभर पाणी सोडून कामाला लागतो, त्याला अंताची घाई असू शकत नाही.

आपल्या इंदूरकरांना हे समजण्यासाठी पुराणापर्यंतही जावे लागू नये. देवी अहिल्याबाईंचे पती खंडेराव १७५४ मध्ये कुंभेरीच्या वेढ्यात पडले. १७६६ मध्ये सासरे मल्हारराव गेले, पुढच्याच वर्षी पुत्र मालेराव. उतारवयात जावई यशवंतराव फणसे वारले आणि कन्या मुक्ताबाई सती गेली. हे जग आता जगण्यालायक राहिले नाही, असे म्हणण्याचा अधिकार त्यांच्याहून अधिक कोणाला होता? त्यांनी काशी विश्वनाथाचे मंदिर पुन्हा उभारले, घाट बांधले, विहिरी खोदविल्या. विहीर खोदणारा माणूस कलियुग संपण्याची वाट पाहत नाही. उद्या कोणाला तरी तहान लागणार आहे, एवढे त्याला पुरते.

आजच्या इंदुरातही रोज रात्री सराफ्यातील खाण्याची दुकाने उठल्यावर झाडू फिरतो आणि सकाळी घराघरापुढे कचऱ्याची गाडी उभी राहते. २०१७ पासून सलग सात स्वच्छता सर्वेक्षणांत शहर पहिले आले ते या रोजच्या कामावर. म्हणून शहरात सारे आलबेल आहे, असे आमचे म्हणणे नाही. पण झाडणाऱ्याला हे पक्के ठाऊक असते की, उद्या पुन्हा कचरा होणार आहे. त्याच्या कामाला शेवटचा भाग नाही. कचरा कायमचा संपावा म्हणून बाजार पेटवून द्यावा, असे कोणी सुचविले तर आपण त्याला शहाणा म्हणू काय?

आता पहिल्या तक्रारीकडे, म्हणजे शेवट न दाखविल्याच्या रागाकडे, वळू. शेवटच्या भागाला रॅडक्लिफ असे नाव आहे. हे सिरिल रॅडक्लिफ १९४७ च्या जुलैत प्रथमच हिंदुस्थानात आले आणि सुमारे पाच आठवड्यांत त्यांनी दोन देशांची सीमा आखली. ती १७ ऑगस्टला जाहीर झाली. एक रेघ ओढून जुने भांडण कायमचे मिटवावे, ही कल्पना. मालिकेत सरताजच्या आईची बहीण त्या फाळणीत हरवते, आणि मुंबईत बॉम्ब आणणारा शाहिद खान हा तिचाच मुलगा निघतो. एकाने ‘संपले’ म्हणून ओढलेली रेघ दुसऱ्याच्या घरात बहात्तर वर्षे चालूच राहिली. ज्या कथेने अंताच्या मोहाचे हे दुष्परिणाम दाखविले, तिनेच आपल्याला एक गोड, पक्का अंत काढून दिला असता तर ते तिच्या सांगण्याशी विसंगत झाले असते. आम्हालाही शेवट पाहावयास आवडला असता. परंतु काय झाले ते एकदाचे कळू द्या, मग बरे असो की वाईट, ही जी अधीरता प्रेक्षकात उत्पन्न होते, ती गुरुजींच्या अधीरतेची धाकटी बहीणच आहे.

शिवाय सरताजविषयी निर्णय करण्यास तो शेवट लागतही नाही. शहर वाचले असते तर तो बरोबर आणि जळाले असते तर चूक, असे आपण म्हणणार काय? पळून जाणे शक्य असताना तो थांबला, आणि हाती होते तेवढे त्याने केले. फळावर नजर न ठेवता कर्म करावे ही गीतेची शिकवण आपण लहानपणापासून ऐकतो. पण प्रत्यक्षात फळ पाहूनच माणसाचे मोल करतो. येथे फळ झाकून ठेवल्यामुळे केवळ कर्म उरते. त्या काळ्या पडद्यापुढे बसून एवढे ध्यानात आले तरी पुष्कळ झाले.

आपल्या घरांतून ‘कलियुग आहे, असेच चालायचे’ हे वाक्य दिवसातून कितीदा तरी उच्चारले जाते. बोलणारी माणसे भली असतात; त्यांच्या मनात कोणाचे वाईट नसते. पण ऐकणारा मुलगा विशीतला असतो. नोकरी नसते, राग असतो. असेच चालायचे असेल तर मग हे चालू तरी कशाला ठेवायचे, असा प्रश्न त्याच्या मनात उभा राहतो, आणि त्याचे उत्तर देणारा गुरू जगात कोठे ना कोठे टपून बसलेला असतो. म्हणून आमची वडीलधाऱ्यांना नम्र विनंती आहे की, ते वाक्य उच्चारले तर तेथेच थांबू नये. संकल्पाप्रमाणे ते पुरे करावे: कलियुग आहे, त्याचा पहिलाच चरण आहे, आणि आज आपल्याला अमुक एक काम करावयाचे आहे. ते काम मुलाच्या हाती द्यावे, आणि शक्य तर त्याच्या शेजारी बसून करावे.